रांजणासाठी मारलेली थाप

आमच्या घरात खोटं बोलणाऱ्याला मार बसे. पण वर्षातून एकदोनदा खुद्द वडीलच सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, बाजारात खोटं बोलायला जात. आम्ही म्हैसूरचे रंगारी. परसात निळीचे तीन रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. निळीचा रांजण म्हणजे पाण्यात रंग कालवला आणि झालं, असं नव्हे. नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून तो आंबवावा लागतो, झाकून उबेत ठेवावा लागतो. जमला तर वर तांब्याच्या रंगाची साय धरते, खालचं पाणी हिरवट पिवळं होतं, आणि त्यात बुडवलेलं सूत हिरवं बाहेर येऊन वाऱ्यावर डोळ्यांदेखत निळं होतं. नाही जमला तर पाणी राखेसारखं पडतं आणि शेजारच्या बायका नाकाला पदर लावतात. असा नासलेला रांजण कशानंच सुधरेनासा झाला की आमच्यात एकच अखेरचा उपाय होता. रंगाऱ्यानं एखादी अचाट थाप मारायची आणि ती गावभर जाऊ द्यायची. थाप जितकी लांब जाईल तितका रांजण लवकर सुधारतो, असं आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मानत आली.

वडिलांची गाजलेली थाप म्हणजे बेट्टदपुरच्या डोंगरावर देवळाच्या पायरीशी जन्मलेलं निळं वासरू. आमच्या गल्लीतला एक तेलाचा व्यापारी ती ऐकून गाडी जुंपून, बायकोला आणि हळदकुंकू बरोबर घेऊन निघाला. आता हा परत आला की वडिलांची काही धडगत नाही, असं आम्हाला वाटलं. परत आल्यावर तो म्हणाला, गर्दी फार होती, पण लांबून दिसलं. थाप कोणती मारायची याला नियम दोनच होते. मरणाची किंवा दुखण्याची थाप मारायची नाही, आणि जिच्या भरवशावर कोणी चूल पेटवायला बसेल अशीही मारायची नाही. ऐकणाऱ्याची करमणूक झाली पाहिजे, नुकसान नाही, असं वडील म्हणत. यातला दुसरा नियम मी मोडला. त्याचीच ही हकीकत आहे.

मी विशीत आलो तोवर जर्मनीहून डब्यांतून तयार रंग यायला लागले होते. पुडी फोडायची, उकळत्या पाण्यात टाकायची, अर्ध्या तासात सूत तयार. आमच्याच जातीतले एकेक जण पुडीच्या रंगाकडे गेले आणि वडील त्यांना पाण्यात पाहू लागले. शेवटी गिऱ्हाईकच उरलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं रांजणांत माती भरली. फक्त शेवटच्या रांजणातलं मडकंभर पाणी काढून चुलीच्या मागे उबेला ठेवलं. दह्याला विरजण लागतं तसं नव्या रांजणाला जुन्या रांजणाचं पाणी लागतं. आमचं पाणी पणजोबांच्या रांजणापासून चालत आलेलं होतं. वडील दर आठ दिवसांनी त्याला गूळ आणि चुना घालत. आईला त्या वासाचा वीट आला होता, तरी तिनं ते मडकं कधी हलवलं नाही. मी तेव्हा एका किराणा दुकानात पुड्या बांधत होतो, रंगाच्या नव्हे, धण्याजिऱ्याच्या.

मग जर्मनीशी लढाई जुंपली आणि डबे यायचे बंद झाले. नंजनगूडच्या रस्त्याला एका सावकाराचा मागांचा कारखाना होता. तिथलं रंगखातं हातावर हात ठेवून बसलं. सावकाराला कुठून तरी आमच्या मडक्याची बातमी लागली. तो स्वतः घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला की गौरीच्या सणाआधी निळं सूत मागावर चढलं पाहिजे, नाहीतर रंगखातं बंद करून सगळ्यांना घरी पाठवावं लागेल. वडिलांचे गुडघे गेले होते. त्यांनी मडकं माझ्या हातात दिलं. थोडं घरी ठेवू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अर्ध्या विरजणानं अर्धं दही लागत नाही. सगळं घेऊन जा." म्हणजे कारखान्यातला रांजण मेला की चार पिढ्यांचं पाणी त्याच्याबरोबर मेलं. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

कारखान्याच्या आवारात मी नवा रांजण पुरला आणि मडक्यातलं सगळं पाणी त्यात घातलं. तिथं माझं स्वागत झालं ते असं. रंगखात्यात एक मेस्त्री आणि त्याच्या हाताखाली तीन माणसं होती. मेस्त्री पन्नाशीचा, उंच, थोडा वाकलेला. वर्षानुवर्षांच्या पुडीच्या रंगानं त्याचे हात कोपरापर्यंत गुलाबी झालेले होते. तो आमच्याच जातीचा, घरी आमचंच मराठी बोलणारा. पण पहिल्या दिवसापासून तो माझ्याशी कानडीतच बोलला. आम्ही सगळेच अर्धा दिवस कानडी बोलतो, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. पण मी मराठीत विचारावं आणि त्यानं कानडीत उत्तर द्यावं, याचा अर्थ न कळण्याइतका मी दुधखुळा नव्हतो. आपल्या माणसानं तोंडावर दार लावलं की परक्यानं लावण्यापेक्षा जास्त लागतं. मला तर फारच लागलं.

निळीच्या वासावरून त्यांनी मला नाव ठेवलं, हुळी, म्हणजे आंबट. मी फाटकातून आत आलो की तिघांतला एक म्हणे, "हुळी बंतु." आंबट आलं. मी शिदोरी सोडली की चौघं उठून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसत. माझा ढवळायचा दांडा रोज नव्या ठिकाणी सापडे, कधी विहिरीमागे तर कधी कौलांवर. मी काही गरीब गाय नव्हतो. दोनदा मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दुसऱ्या वेळेला मेस्त्रीला म्हणालो की पुडी फोडायला रंगारी लागत नाही, त्याला दात पुरतात. त्यानंतर चिडवणंही थांबलं. चौघांनी मला सरळ वाळीत टाकलं. आठ-दहा दिवस त्या आवारात माझ्याशी एक शब्द कोणी बोललं नाही. शिव्या परवडतात, असं मला तेव्हा कळलं.

आज मला त्यांची बाजू दिसते. माझा रांजण जमला तर पुडीवाल्यांची गरज काय, आणि नाही जमला तर खातंच बंद. दोन्हीकडून मरण त्यांचंच होतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच किडा शिरला होता. जे दांडा लपवतात ते रांजणात काहीतरी टाकल्याशिवाय राहतील का? मूठभर चिंच, मूठभर मीठ, काम तमाम. मन चिंती ते वैरी न चिंती. मी सकाळी आल्या आल्या झाकण काढून बघू लागलो. मग जेवणाआधी, जेवणानंतर, पाणी प्यायला गेलो की आल्यावर, त्यातला कोणी रांजणाजवळून गेला की लगेच. वाकायचं, हुंगायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं, दांड्यानं तळ ढवळून बघायचा. दिवसातून दहा वेळा तरी हे होत असेल. चिंचेचं टरफलसुद्धा कधी सापडलं नाही. पण त्यामुळे संशय कमी न होता वाढतच गेला, कारण सापडत नाही म्हणजे माणसं हुशार आहेत.

पहिल्या आठवड्यात धरलेली साय दुसऱ्या आठवड्यात विरली. पाणी आधी मळकट आणि मग राखी झालं. मी गूळ घातला, चुना घातला, भोवती भुश्याची ऊब केली. सुताची एक लड बुडवून बघितली, ती धुतल्यावर जशीच्या तशी पांढरी. सावकारानं ती लड हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, गौरीला सहा दिवस उरलेत, चार दिवस वाट बघतो. मेस्त्री तिथंच उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण मला तो हसताना दिसला. रागावलेल्या माणसाला दिसायचं तेच दिसतं.

संध्याकाळी घरी गेलो तर वडिलांनी काही न विचारता माझे हात हुंगले. हात न सोडताच म्हणाले, "थाप मार." मी म्हटलं, "कुणाला मारू अप्पा? तिथं माझ्याशी बोलतंय कोण?" थाप आधी रांजणापाशी कुणाच्या तरी कानावर घालावी लागते, मगच ती बाजारात न्यायची; नुसती बाजारात मारली तर चालत नाही. आमच्या कुळात थाप न सुचलेला रंगारी झाला असेल, पण थाप ऐकायलाच माणूस नाही अशी वेळ कोणावर आली नव्हती. आमचं मडकंभर पाणी परत घरी आण, असंही वडिलांना म्हणता येईना. आता मेलेलं पाणीच तेवढं आणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर दांडा जागेवर नाही. शोधून शोधून तो सांडपाण्याच्या गटारात सापडला. माझं डोकं फिरलं. रात्री जमवलेल्या चारपाच थापा होत्या, कावेरीत सापडलेल्या दाढीवाल्या माशाची, चामुंडीच्या डोंगरावर पिकलेल्या मिठाची. त्या सगळ्या मी विसरलो. मेस्त्री पुडीचा रंग उकळायच्या रिकाम्या कढईच्या काठावर बसून विडी ओढत होता. मी रांजणापाशी उभा राहून मोठ्यानं, मराठीत, त्याच्याकडे न बघता म्हणालो, "मद्रासला जपानचं जहाज लागलंय. रंगाच्या पेट्या उतरल्यात. दोन-तीन दिवसांत मालगाडीनं म्हैसूरला येतात म्हणून स्टेशनवरच्या कारकुनानं सांगितलं."

कुठं मारलं की दुखेल हे मला ठाऊक होतं आणि मी तिथंच मारलं. मेस्त्रीनं विडी तोंडातून काढली. मला वाटलं होतं तो हसेल किंवा थुंकेल. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग रांजणाकडे, मग तो उठला, धोतर झटकलं आणि सावकाराच्या खोलीकडे गेला. थोड्या वेळानं अंगरखा चढवून फाटकाबाहेर पडला. तिघांतला एक धावत त्याच्यामागे काही अंतर गेला आणि परत येऊन म्हणाला की मेस्त्री स्टेशनवर निघालेत, पेट्या येणार आहेत. दुपारपर्यंत ही बातमी मागांवर पोचली. त्या दिवशी जेवताना तिघं माझ्या झाडाखाली आले. एकानं लिंबाच्या लोणच्याची फोड माझ्या भातावर ठेवली. पेट्या येणार म्हणजे आता माझं भय नाही, एवढाच त्याचा हिशेब. आता भय नव्हतं तर माणसं चांगली होती. घराकडच्या गोष्टी बोलत होती. ती लोणच्याची फोड मी भाताच्या कडेला सारून ठेवली.

मेस्त्री दुसऱ्या दिवशीही स्टेशनवर गेला. तिसऱ्या दिवशीही. मागावरचा एक विणकर सांगत आला की म्हातारा मालाच्या फलाटावर दिवसभर उन्हात बसून असतो, मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीचं दार उघडलं की उठून जातो. मला कारखान्यात थांबवेना आणि घरीही बसवेना. खरं सांगून टाकावं तर सूत रंग धरेपर्यंत थाप कबूल करायची नसते. मी रांजणाच्या बाजूला फिरकलोच नाही. ज्याच्यासाठी खोटं बोललो त्याचं तोंड बघायची लाज वाटत होती. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी कोणी न सांगता सुताच्या लडी सोडवत बसलो. झाकण उघडून बघायचं तीन दिवसांत मनातसुद्धा आलं नाही.

चौथ्या दिवशी वाऱ्याबरोबर वास आला. नासलेला नव्हे, दुसरा, थोडा गोडसर, लहानपणी परसात येई तो. जाऊन झाकण उचललं तर रांजणभर तांब्याची साय. मी ती बोटानं बाजूला केली, खाली हिरवं पाणी. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळेला फाटकातून मेस्त्री आत येताना दिसला. पायांवर धूळ, अंगरखा घामानं पाठीला चिकटलेला. तो येऊन आपल्या रिकाम्या कढईच्या काठावर बसला. मी एक लड रांजणात बुडवली, काढली, पिळली आणि त्याच्यासमोर धरली. ती हिरवी लड आमच्या दोघांच्या मध्ये हळूहळू निळी झाली. मग मी सांगितलं की जहाज नाही, पेट्या नाहीत, स्टेशनवरचा कारकून कोण हेही मला माहीत नाही. मी त्याच्या पायाला हात लावला.

"ठाऊक आहे की," तो म्हणाला. मराठीत. तो माझ्याशी आपल्या बोलीत बोलला हे माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

"माझ्या अज्जाचे पण सहा रांजण होते रे. त्याच्या थापा मी गल्ल्यागल्ल्यांतनं वाटल्यात. तुझा रांजण नासला हे मला तुझ्याआधी दोन दिवस कळलं, वासावरनं. तू तोंड उघडलंस तेव्हाच म्हटलं, ही रांजणाची थाप."

"मग स्टेशनवर कशाला गेलात?"

"थाप कोणीतरी न्यायला नको? तुझ्याशी बोलत कोण होतं इथं?" तो आपले गुलाबी हात एकमेकांवर चोळत राहिला. "पहिल्या दिवशी तुझ्यासाठी गेलो. मग दोन दिवस सुम्ने, उगीच गेलो. काय सांगावं, एखादी खरी असली तर."

तोच पुढे म्हणाला, "दांडा आम्ही लपवला, हौदु, खरं आहे. वाईट केलं. पण रांजणाला हात नाही लावला कोणी. रांजण तो रांजण. तूच दिवसभर झाकण काढून त्याला वारा देत होतास, तो काय करील बिचारा? अज्जा म्हणायचा, थाप रांजणाला लागत नसते, रंगाऱ्याला लागते. तो गावभर सांगत फिरतो तेवढा वेळ झाकण बंद राहतं."

ही गोष्ट मी घरी वडिलांना सांगितली तेव्हा ते रागावले. मी निळं वासरू नसतं सोडलं तर माझा रांजण सुधारला असता का, म्हणाले. मी वाद घातला नाही. थाप चालली की झाकण चाललं हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही, पण मेस्त्री आवारातून गेला की माझी मान वळायची बंद झाली, एवढं नक्की.

गौरीला निळं सूत मागावर चढलं. पुढे एकाचे चार रांजण झाले आणि चौघं पुडीवाले त्यांच्यावर कामाला लागले. मेस्त्रीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, लहानपणचा हात तो. तो रांजणाजवळ बसून कानोसा घेई आणि सांगे, आज नको, उद्या. लढाई चालू होती तोवरची ती वर्षं आम्ही एका झाडाखाली जेवलो. तो मला हुळीच म्हणे, आणि मला ते आवडे. त्याचे हात कधी निळे झाले ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग लढाई संपली. त्यानंतर वर्षभरानं असेल, मी रांजणाला चुना घालत होतो आणि मेस्त्री फाटकातून आत आला. थेट माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी वर बघितलं.

"पेट्या आल्या," तो म्हणाला. "स्टेशनवर उतरवल्यात. हातानं चाचपून आलो. सावकारानं उद्यापासून कढया मांडायला सांगितल्यात."

त्याची नोकरी पक्की झाली होती. तिघांचीही. ज्या पेट्यांसाठी तो तीन दिवस उन्हात बसला होता त्या आल्या होत्या. मी हातातला चुना तसाच धरून म्हटलं, "मेस्त्री, कुठला रांजण नासलाय?"

तो हसला नाही. माझ्या शेजारी उकिडवा बसला, कोपरापर्यंत निळा झालेला हात त्यानं रांजणाच्या काठावर ठेवला.

"नासला असता तर बरं होतं रे," तो म्हणाला.

मग तो उठला, आत जाऊन एक कोरं मडकं घेऊन आला आणि चारांतल्या सगळ्यात जुन्या रांजणाचं पाणी सायीसकट त्यात भरलं. तोंडाला फडकं बांधलं. मी घ्यायला हात पुढे केला, पण त्यानं दिलं नाही. ते मडकं त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेऊन आमच्या घरापर्यंत आणलं आणि चुलीच्या मागे कुठं ठेवायचं ते आईला विचारलं.